उंबरठ्यावरचा पहारेकरी : हॉवर्ड स्मिथ

अमेरिकेत विधेयकाचा कायदा कसा होतो, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात एका लहानशा आकृतीने दाखवलेले असते. विधेयक प्रथम समितीकडे जाते, तेथून प्रतिनिधिगृहात, मग सिनेटमध्ये आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी. बाणांमागून बाण काढले, की परीक्षेपुरते काम होते. या आकृतीत समिती आणि सभागृह यांच्यामध्ये नियम समिती नावाची एक चौकट असते. विद्यार्थ्यांची नजर तिच्यावर सहसा ठरत नाही. उत्तरपत्रिकेत ती गाळली तरी एखाद-दुसऱ्या गुणापलीकडे नुकसान नसते. परंतु या एका चौकटीत बसून एका वृद्ध गृहस्थाने अमेरिकेच्या चार-पाच राष्ट्राध्यक्षांना जेरीस आणले, कोट्यवधी कृष्णवर्णीय नागरिकांचे हक्क वर्षानुवर्षे अडवून धरले, आणि जाता जाता एका कायद्यात असा एक शब्द घातला की त्यामुळे साऱ्या अमेरिकन स्त्रियांच्या नोकरीचा प्रश्न पालटून गेला. या गृहस्थांचे नाव हॉवर्ड स्मिथ. वॉशिंग्टनमध्ये सारे त्यांना जज्ज स्मिथ म्हणत.

२ फेब्रुवारी १८८३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील ब्रॉड रन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. यादवी युद्ध संपून अवघी अठरा वर्षे झाली होती. ज्या भूमीवरून दोन्ही बाजूंची सैन्ये आली-गेली, त्या भूमीत पराभवाची आठवण घराघरांत जिवंत होती. वॉशिंग्टनचे केंद्र सरकार म्हणजे बाहेरून येऊन आपल्यावर हुकूम चालवणारी सत्ता, ही भावना स्मिथ यांच्या पिढीने जणू बाळकडूबरोबरच घेतली. लष्करी शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी १९०३ साली व्हर्जिनिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि अलेक्झांड्रिया या गावी वकिली सुरू केली.

याच सुमारास व्हर्जिनियात एक गोष्ट घडली होती, तिचा स्मिथ यांच्या पुढील सर्व आयुष्याशी संबंध आहे. १९०२ साली त्या राज्याने नवी राज्यघटना स्वीकारली. तिने मतदारावर दीड डॉलरचा वार्षिक कर बसवला आणि नोंदणीसाठी निरनिराळ्या अटी घातल्या. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणे हा उघड हेतू होता. परंतु त्या जात्यात गरीब गोरेही भरडले गेले आणि मतदान सुमारे निम्म्यावर आले. थोड्या मतदारांच्या या राज्यात पुढे हॅरी बर्ड यांच्या राजकीय गटाने अनेक दशके निर्वेध सत्ता चालवली. स्मिथ हे त्याच गटाचे विश्वासू पाईक. १९१८ मध्ये ते सरकारी वकील झाले, १९२२ पासून न्यायाधीश झाले. न्यायासन त्यांनी १९३० साली सोडले. पण जज्ज ही उपाधी अखेरपर्यंत त्यांना चिकटून राहिली. वकिलीखेरीज बँकेचा कारभार आणि दुधाचा धंदा हेही त्यांचे व्यवसाय होते. काटकसर, हिशेबाचा चोखपणा आणि सरकारी खर्चाची नावड हे गुण त्यांनी या व्यवसायांतून उचलले असावेत.

१९३० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि १९३१ च्या मार्चमध्ये त्यांनी सभागृहात पाऊल टाकले. त्यानंतर सलग छत्तीस वर्षे ते तेथे होते. आज डेमोक्रॅटिक पक्ष म्हटला की उदारमतवादी पक्ष असे आपण धरून चालतो. त्या काळी तसे नव्हते. दक्षिणेतील डेमोक्रॅट हे देशातील सर्वांत कट्टर पुराणमतवादी राजकारणी होते, आणि दक्षिणेत दुसरा पक्ष जवळजवळ नसल्याने एकदा निवडून आलेला माणूस पुन्हा पुन्हा निवडून येई. काँग्रेसमध्ये समित्यांची अध्यक्षपदे मिळत ती सेवाज्येष्ठतेने. परिणाम असा झाला, की ज्या राज्यांत थोडे लोक मतदान करीत, त्याच राज्यांच्या हाती साऱ्या देशाच्या कायद्यांची सूत्रे गेली. स्मिथ यांच्या सामर्थ्याचे मूळ येथे आहे. त्यांची बुद्धी, चिकाटी आणि नियमांचे ज्ञान हे सारे खरे. परंतु त्यांना उभे राहायला जी जमीन मिळाली, ती या मतदान-कराने तयार केलेली होती.

१९३३ साली ते नियम समितीवर आले. या समितीचे काम वरवर पाहता साधे आहे. इतर समित्यांनी मंजूर केलेले विधेयक सभागृहात केव्हा घ्यायचे, त्यावर किती तास चर्चा करायची, दुरुस्त्या मांडू द्यायच्या की नाही, हे ती ठरवते. पण जी समिती वेळ ठरवते, ती वेळ न देण्याचेही ठरवू शकते. समितीने विधेयक पुढे पाठवलेच नाही, तर सभागृहातील बहुसंख्य सदस्य त्याच्या बाजूचे असूनही त्यांना हात वर करण्याची संधी मिळत नसे. १९३७ साली कामगारांचे किमान वेतन आणि कामाचे तास ठरवणारे विधेयक असेच अडकले. स्मिथ आणि त्यांचे दाक्षिणात्य सहकारी समितीतील रिपब्लिकन सदस्यांना जाऊन मिळाले होते. शेवटी बहुसंख्य सदस्यांच्या सह्यांचा अर्ज करून ते विधेयक समितीच्या हातून ओढून काढावे लागले, तेव्हा कुठे १९३८ मध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी स्वपक्षातील अशा विरोधकांना पाडण्याचा घाट घातला. स्मिथ यांच्याविरुद्धही पक्षांतर्गत निवडणुकीत उमेदवार उभा राहिला. पण त्याचा दणदणीत पराभव झाला. राष्ट्राध्यक्षाला अंगावर घेऊनही आपण टिकतो, हे स्मिथ यांना त्या दिवशी कळले.

त्यांचे नाव देशभर झाले ते १९४० च्या एका कायद्यामुळे. युरोपात युद्ध पेटले होते, फ्रान्स पडला होता आणि अमेरिकेत परकीयांविषयी संशयाचे वातावरण होते. या काळात स्मिथ यांनी मांडलेले परकीय नोंदणी विधेयक मंजूर झाले आणि २८ जून १९४० रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. चौदा वर्षांवरील प्रत्येक परकीय नागरिकाने नोंदणी करावी व बोटांचे ठसे द्यावेत, असा त्याचा एक भाग होता. काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तशी नोंद केली. दुसरा भाग अधिक गंभीर होता. सरकार बळाने उलथून पाडावे असा प्रचार करणे, किंवा असा प्रचार करणाऱ्या संघटनेत राहणे, हा त्याने गुन्हा ठरवला. स्मिथ कायदा म्हणतात तो हाच. कृती दूरच राहिली, केवळ मतप्रचारासाठी शांततेच्या काळात तुरुंगाची तरतूद अमेरिकेत पुष्कळ वर्षांनी प्रथमच झाली होती.

या कायद्याचा पहिला मोठा प्रयोग १९४१ मध्ये मिनिआपोलिस येथे ट्रॉट्स्कीवादी कामगार पुढाऱ्यांवर झाला आणि अठरा जणांना शिक्षा झाल्या. त्या वेळी अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाने या खटल्याचे स्वागतच केले, कारण ट्रॉट्स्कीवादी हे त्यांचे हाडवैरी. पुढे १९४८ मध्ये तोच कायदा खुद्द कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांवर उलटला. १९४९ मध्ये अकरा नेते दोषी ठरले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा कायम केल्या. ब्लॅक आणि डग्लस या दोन न्यायमूर्तींनी त्यास विरोध नोंदवला. त्यानंतर देशभर शंभराहून अधिक लोकांवर आरोप ठेवण्यात आले. अखेर १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने नुसता तात्त्विक विचार मांडणे आणि लोकांना प्रत्यक्ष कृतीस उद्युक्त करणे यांत फरक केला, आणि स्मिथ कायद्याची धार बोथट झाली. शेजाऱ्याच्या घरावर पडलेला दरोडा पाहून टाळ्या पिटणाऱ्याने आपल्या दाराची कडी तपासावी, हा धडा त्या काळच्या अमेरिकन डाव्यांनी फार महाग किंमत मोजून घेतला.

कामगार संघटनांशीही स्मिथ यांचे उभे वैर होते. १९३९-४० मध्ये कामगार-संबंध मंडळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या विशेष समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीने सुचवलेले पुष्कळसे बदल पुढे १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यात आले. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात कोळसा-खाणींत संप झाले, तेव्हा युद्धोपयोगी उद्योगांतील संपांना आळा घालणारा स्मिथ-कॉनॅली कायदा रूझवेल्ट यांच्या नकाराधिकाराला न जुमानता काँग्रेसने मंजूर केला.

१९५५ मध्ये ज्येष्ठतेने स्मिथ नियम समितीचे अध्यक्ष झाले. त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते. उंच, किंचित वाकलेले, जुन्या पद्धतीचा उभा ताठ गळपट्टा वापरणारे, मृदुभाषी आणि अत्यंत सभ्य अशी त्यांची ख्याती होती. आवाज चढवून बोलण्याची त्यांना गरजच नव्हती. समितीच्या बैठकीचे ठरावीक वार नव्हते. अध्यक्ष बोलावतील तेव्हा बैठक. अध्यक्षांनी बोलावलीच नाही, तर विधेयक टेबलावर धूळ खात पडे. बारा सदस्यांपैकी आठ डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन. स्मिथ आणि मिसिसिपीचे विल्यम कोल्मर हे दोघे त्या चौघांना मिळाले, की सहास सहा असा पेच पडे. आणि पेच पडला की विधेयक पुढे जात नसे.

या काळाचा मुख्य प्रश्न नागरी हक्कांचा होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १९५६ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील शंभरच्या आसपास खासदारांनी या निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. प्रतिनिधिगृहात तो सादर करण्याचे काम स्मिथ यांनी केले. त्यांच्याच व्हर्जिनियात बर्ड गटाने निकालाला सर्वंकष प्रतिकार पुकारला. प्रिन्स एडवर्ड परगण्याने गोऱ्या मुलांशेजारी काळी मुले बसवण्याऐवजी १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या, त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली; कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांची शिक्षणाची पाच वर्षे कायमची बुडाली. नियम समितीच्या खोलीतील शांत, सभ्य दिरंगाईचा दुसरा चेहरा पाहायचा असेल, तर तो या कुलूप घातलेल्या वर्गखोल्यांत पाहावा.

१९५७ चे नागरी हक्क विधेयक समितीपुढे असताना स्मिथ अचानक वॉशिंग्टनमधून दिसेनासे झाले. शेतावरील गोठ्याला आग लागल्याने आपल्याला जावे लागले, असे कारण त्यांनी दिले. नागरी हक्क रोखण्यासाठी जज्ज काहीही करतील हे ठाऊक होते, पण त्यासाठी ते स्वतःचा गोठा पेटवतील असे वाटले नव्हते, असा विनोद तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पसरला. विनोद चांगला आहे. मात्र ज्यांचे हक्क त्या गोठ्यामागे अडकले होते, त्यांना तो किती हसवून गेला असेल हा प्रश्नच आहे.

१९६० च्या अखेरीस केनेडी निवडून आले, तेव्हा त्यांच्या पुढे पहिला अडसर रिपब्लिकन पक्षाचा नव्हता, स्वपक्षातील या वृद्ध अध्यक्षांचा होता. सभापती सॅम रेबर्न हे स्वतः टेक्सासचे, म्हणजे दक्षिणेचेच. त्यांनी समितीचे सदस्य बारावरून पंधरा करण्याचा प्रस्ताव आणला. ३१ जानेवारी १९६१ रोजी मतदान झाले आणि २१७ विरुद्ध २१२ अशा पाच मतांनी प्रस्ताव संमत झाला. नव्या राष्ट्राध्यक्षाची सारी प्रतिष्ठा पणाला लागून, अध्यक्षपदाला हात न लावता नुसते तीन सदस्य वाढवण्यासाठी मिळालेले हे मताधिक्य! स्मिथ यांच्या ताकदीचे याहून बोलके प्रमाणपत्र कोणते असणार?

केनेडींच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क विधेयकाचा आग्रह धरला. ते न्याय समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर यांच्या हाताखालून आले होते. १९४६ साली भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचे दार किलकिले करून देणाऱ्या लूस-सेलर कायद्यातील सेलर ते हेच. बहुसंख्यांच्या सह्यांचा अर्ज पुढे येऊ लागला आणि समितीतील रिपब्लिकनांनीही साथ सोडण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा स्मिथ यांनी जानेवारी १९६४ मध्ये सुनावणी घेतली आणि महिनाअखेरीस विधेयक सभागृहात गेले. दार आता अडवता येत नव्हते. मग त्यांनी दुसरी चाल खेळली.

विधेयकाच्या सातव्या प्रकरणात नोकरी देताना वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास बंदी होती. ८ फेब्रुवारी १९६४, शनिवार. स्मिथ उठले आणि या यादीत लिंग हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. देशात स्त्रियांच्या मानाने पुरुष कमी असल्याची तक्रार करणारे एका बाईंचे पत्रही त्यांनी वाचून दाखवले. सभागृहात हशा पिकला. सेलर यांनीही थट्टेला थट्टेने उत्तर दिले. त्या हशातच मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उभ्या राहिल्या. स्त्रिया दुय्यम आहेत याला पुरावा हवा असेल तर तो हा हशाच आहे, अशा आशयाचे त्यांचे भाषण झाले आणि सभागृह गप्प झाले. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाला यामुळे धक्का बसेल या भीतीने ओरेगॉनच्या एडिथ ग्रीन यांनी विरोध केला. पण बोलणाऱ्या इतर स्त्री सदस्यांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला. १६८ विरुद्ध १३३ मतांनी ती संमत झाली. दोनच दिवसांनी सारे विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झाले. स्मिथ यांनी आपल्याच शब्दासह त्या विधेयकाविरुद्ध मत दिले.

स्मिथ यांचा हेतू काय होता? यावर अमेरिकेतील अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. विधेयक हास्यास्पद करून बुडवावे, हाच डाव होता असे पुष्कळांचे म्हणणे. दुसरा पक्ष दाखवून देतो, की स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला स्मिथ यांचा जुना पाठिंबा होता, अॅलिस पॉल यांच्या नॅशनल विमेन्स पार्टीशी त्यांचे संबंध होते आणि त्याच पक्षाने अशा दुरुस्तीचा आग्रह धरला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात, असे मला वाटते. कृष्णवर्णीय स्त्रीला संरक्षण मिळणारच असेल, तर गोऱ्या स्त्रीला ते का नसावे, असा मुद्दा त्या चर्चेत आला होता. विधेयक पडले तर उत्तम, न पडले तर निदान आपल्या लोकांतील स्त्रिया मागे राहू नयेत, असा तो दुहेरी हिशेब असावा. बँकेचे हिशेब पाहणाऱ्या माणसाला तो अवघड नव्हता.

परंतु कायद्यातील शब्द हा तो घालणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. २ जुलै १९६४ रोजी कायदा झाला आणि वर्षभराने अंमलात आला. पहिल्या वर्षी समान-संधी आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या होत्या. आयोगातील काही अधिकारीच त्या शब्दाकडे थट्टेने पाहत. या अनास्थेच्या रागातून १९६६ मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही संघटना जन्मास आली. वृत्तपत्रांत पुरुषांच्या नोकऱ्या आणि स्त्रियांच्या नोकऱ्या अशा वेगळ्या रकान्यांत जाहिराती छापण्याची पद्धत गेली. लहान मुले आहेत म्हणून आईला नोकरी नाकारणारी आणि तशाच बापाला नोकरी देणारी रीत १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नापसंत केली. १९८६ मध्ये कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ त्याच शब्दाखाली आला आणि २०२० मध्ये समलिंगी व पारलिंगी कर्मचाऱ्यांनाही त्याच शब्दाने संरक्षण दिले. १८८३ साली जन्मलेल्या व्हर्जिनियातील त्या जज्जांना हे सारे स्वप्नातही दिसले नसेल.

स्मिथ यांचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. १९६४ च्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतील मतदान-कर रद्द झाला होता. १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला. स्मिथ यांनी तोही रोखून धरण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याच वर्षी सभागृहाने नियम समितीला वळसा घालणारा एकवीस दिवसांचा नियम पुन्हा आणला होता. त्यांच्या मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आणि वॉशिंग्टनच्या उपनगरांतील नवे, शिकलेले मतदार वाढले. जुलै १९६६ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत जॉर्ज रॉलिंग्ज या तरुण उदारमतवादी उमेदवाराने त्यांचा ६४५ मतांनी पराभव केला. जी मते मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या गटाने साठ वर्षे खटपट केली, ती मोजली जाऊ लागताच ते पडले. गंमत अशी, की नोव्हेंबरच्या लढतीत रॉलिंग्जही हरले आणि ती जागा एका पुराणमतवादी रिपब्लिकनाने जिंकली. दक्षिणेतील पुराणमतवाद संपला नव्हता. त्याने पक्ष बदलायला सुरुवात केली होती. स्मिथ पुन्हा वकिलीकडे वळले आणि ३ ऑक्टोबर १९७६ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी अलेक्झांड्रिया येथे निवर्तले. १९९५ मध्ये नियम समितीच्या नव्या रिपब्लिकन अध्यक्षांनी त्यांचे चित्र समितीच्या दालनात लावले, तेव्हा कृष्णवर्णीय सदस्यांनी निषेध केला आणि चित्र उतरवावे लागले.

अशा माणसाचे मूल्यमापन कसे करावे? ते लाचखाऊ नव्हते, उथळ नव्हते, दिलेला शब्द पाळणारे होते, असे त्यांचे विरोधकही मानत. केंद्रसत्तेने मर्यादेत राहावे, हा त्यांचा विचार त्याज्य म्हणता येणार नाही. लोकशाहीत घाईला लगाम घालणारे कोणी तरी लागतेच. परंतु ज्यांनी राज्यांच्या हक्कांचा एवढा उच्चार केला, त्यांनीच स्मिथ कायद्याने केंद्र सरकारला माणसाच्या मतांवर पहारा ठेवण्याचा अधिकार दिला. म्हणजे मर्यादा हवी होती ती दुबळ्यांचे रक्षण करणाऱ्या सत्तेला. त्यांना दाबणाऱ्या सत्तेला नव्हे. त्यांचा खरा दोष येथे आहे.

आपण लोकशाहीचा अभ्यास करताना भाषणे वाचतो, निवडणुकांचे आकडे पाठ करतो. सभेची वेळ कोण ठरवतो, विषयपत्रिका कोणाच्या खिशात असते, बैठक न बोलावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न रुक्ष वाटतात. जज्ज स्मिथ यांना ते कधीच रुक्ष वाटले नाहीत. त्यांनी नियमांचे पुस्तक आपल्या विरोधकांहून अधिक मन लावून वाचले होते. त्यांचा पराभव झाला तोही ग्रिफिथ्स, सेलर आणि रेबर्न यांनी तेच पुस्तक तितक्याच चिकाटीने वाचले तेव्हा. पाठ्यपुस्तकातील ती लहानशी चौकट पुढच्या वेळी दिसली, तर तिच्यावर दोन मिनिटे अधिक थांबावे, एवढे तरी त्यांच्या चरित्राकडून आपण घ्यायला हरकत नाही.